मागचं डावं चाक

नागपूरच्या टांडापेठेतल्या हेडाऊंच्या घरात बाबनरावांना कोणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, आणि तीच त्यांची पंचाईत होती. वाकडं बोलणाऱ्याला माणूस चार शब्द परत ऐकवू शकतो. सासऱ्यांनी, ईश्वरदासजींनी, जावयाला पहिल्या दिवसापासून ‘जवाईबापू’ म्हटलं, ‘तुम्ही’ म्हटलं, जेवताना आपल्या उजव्या हाताला त्याचा पाट मांडायला लावला. त्या पाटावर बसून भाजीत मीठ कमी आहे एवढंही म्हणायची सोय नव्हती.

बाबनराव मूळचे पवनीचे, वैनगंगेकाठचे. घर कोष्ट्याचं. भाऊ चार आणि घरात माग दोनच. ईश्वरदासजींना एकुलती एक मुलगी, मैना, आणि ती परक्या घरी धाडायची नाही हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं. सोयरीक जमली आणि लग्नानंतर मुलीऐवजी मुलगाच पत्र्याची पेटी घेऊन नागपूरच्या गाडीत बसला. पोचवायला आलेल्या पवनीच्या बायका लेक सासरी निघाल्यासारख्या रडल्या, आणि मग आपण कोणासाठी रडतो आहोत हे लक्षात येऊन पदराआड हसल्याही. ते हसू बाबनरावांनी खिडकीतून पाहिलं होतं.

हेडाऊंच्या मधल्या खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवला होता. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या फळ्या आळीपाळीने दाबतो. बाबनरावांनी कितीतरी वर्षं तिथे पाय सोडून लुगडी विणली. पुढे पॉवरलूमच्या कापडापुढे हातमागाची लुगडी मागे पडायला लागली. ईश्वरदासजी व्यवहाराचे पक्के. त्यांनी माग मोडला, खड्डा मुरूम घालून बुजवला आणि एका लिलावातून जुनी पिकअप गाडी आणली. उमरेडला अजून पुष्कळ माग चालू होते. त्यांना इथून सूत पोचवायचं आणि तिथली तयार लुगडी इतवारीतल्या व्यापाऱ्यांकडे आणून टाकायची, असा नवा धंदा सुरू झाला. घरात जवाई असताना बाहेरचा ड्रायव्हर कशाला? बाबनराव गाडी शिकले. बुजवलेल्या खड्ड्यावर नवरा-बायकोची खाट आली.

सकाळी मामाजी, म्हणजे सासरे, करदोट्याला बांधलेली गाडीची किल्ली सोडून हातात देत. उमरेडच्या चौकातून एक रस्ता पुढे भिवापूरला आणि तिथून पवनीला जातो. त्या चौकात रोज गाडी वळवून तोंड नागपूरकडे करायचं. संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली की मामाजी बादली घेऊन दारात उभेच असत. पूर्वी ते मागाला पाणी शिंपडून, कुंकू लावून मगच विणायला बसायचे. माग गेला, पण ती रीत त्यांनी सोडली नाही, ती गाडीवर आणली. गल्ली इतकी चिंचोळी की गाडीची उजवी बाजू समोरच्या भिंतीला लागायची आणि पुढचं चाक नालीच्या फरशीपलीकडे जायचं. दारासमोर नेमकं यायचं ते मागचं डावं चाक. मामाजी त्याच्यावर बादलीभर विहिरीचं पाणी ओतत, हळदकुंकू लावत, हात जोडत, आणि मग हात पुढे करून म्हणत, “किल्ली द्या, जवाईबापू.”

ही गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. थंडीचे दिवस होते. बाबनराव भरली गाडी घेऊन उमरेडहून येत होते. पुढे रेल्वेचं फाटक पडताना दिसलं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, तर ब्रेकचं पायडल खालून तळव्याला टकटक मारायला लागलं. दाबून धरलेल्या पायाला कोणी उलट ढोसावं तसं. वेग कमी झाला तशी ती टकटक सावकाश झाली, पण एकेक ठोका मोठा होत गेला आणि शेवटी गाडी दोन हिसके देऊन थांबली. सीट हललं. मागे हौद्यात गठ्ठे एकमेकांवर आदळले.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, “मामाजी, ब्रेक लावला का गाडी थरथरून राहिली.”

मामाजी चाकाला कुंकू लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. “ब्रेक तर दसऱ्यालेच पाहिले गोपाळराव मिस्त्रीनं.”

“हो, पण आज पायाले धक्के बसत होते.”

“थंडी किती पडून राहिली. पाय गारठते माणसाचा.” मग त्यांनी आत बायकोला हाक मारली, “अवं गोदू, जवाईबापूले सुंठीचा काढा दे वं.”

गोदूबाईंनी काढा आणून दिला. बाबनरावांनी तो उभ्याउभ्या प्याला.

थरथर थांबली नाही. रिकाम्या गाडीत कमी जाणवायची, भरल्या गाडीत जास्त. सकाळी निघताना जवळजवळ नसायचीच. शहराच्या तोंडाशी येईपर्यंत, बैलगाड्या, सायकली, फाटकं करता करता ती अशी वाढायची की आरशात काही धड दिसू नये. बाबनरावांनी पुन्हा विषय काढला तेव्हा मामाजींनी गाडी घाट रोडला गोपाळराव मिस्त्रीकडे लावायला सांगितली. गोपाळरावांनी चारी चाकांचे ब्रेक लायनर नवे ठोकून दिले. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता मामाजींच्या मनात दुसरीच शंका आली. एका सकाळी ते धुतलेला सदरा घालून गाडीत शेजारी येऊन बसले. “चला, मीबी येतो आज उमरेडले.”

तो सबंध दिवस बाबनरावांना जन्मभर आठवत राहिला. समोर दूरवर कुत्रं दिसलं तरी मामाजी म्हणत, “जरा हळू.” वळण यायच्या आधी म्हणत, “हळू, जवाईबापू.” मोकळा रस्ता आला की म्हणत, “घाई काय आहे आपल्याले.” सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जात होते. अशा चालीत ब्रेक दाबायची वेळ येते कुठे? आली तरी पायडल जरासं श्वास घेतल्यासारखं हलायचं, आणि ते ज्याचा पाय त्यावर त्यालाच कळायचं. संध्याकाळी दारात उतरताना मामाजी म्हणाले, “कुठं थरथरली? सावकाश चालवली का काही होत नाही.” ते रागाने म्हणाले नाहीत. कोडं सुटल्याच्या समाधानाने म्हणाले. लगेच बादली घ्यायला आत गेले.

बाबनराव गाडीत तसेच बसून राहिले. उजवीकडचं दार भिंतीला लागलेलं, डावीकडून मामाजी येणार. ते येऊन पाणी ओतेपर्यंत उतरायला जागाच नव्हती.

त्यानंतर शहराच्या वेशीवर, सक्करदऱ्याला, एक सायकलीची भानगड झाली. एक म्हातारा गाडीपुढून रस्ता ओलांडायला निघाला आणि मध्येच थबकला. बाबनरावांनी ब्रेक दाबला. गाडी थडथडली, मागचं एक चाक पकडून धरल्यासारखं अडकलं आणि गाडीचं शेपूट वळून किराणा दुकानापुढे लावलेल्या सायकलीवर गेलं. म्हाताऱ्याला धक्का लागला नाही. सायकलीचं मात्र चाक दुमडून पापडासारखं झालं. माणसं जमली. त्यांतला एक जण टांडापेठेतला निघाला, म्हणजे गाडीच्या आधी बातमी घरी.

मामाजींनी सायकल भरून दिली. संध्याकाळी ओट्यावर शेजारपाजारचे लोक बसले होते, त्यांच्यासमोर ते मऊ आवाजात म्हणाले, “जवाईबापू, नसन जमत तर तसं सांगा. लाज नाही त्यात. आपण ड्रायव्हर ठेवू. तुमी घरी बसा.”

घरी बसा. बाबनरावांना ते शब्द कानात कोणी कापूस घालावा तसे ऐकू आले. गाडी गेली तर उरणार काय होतं? मधली खोली, खाट आणि खाली बुजवलेला खड्डा. ते “जमते मामाजी” एवढंच म्हणाले. पलीकडून मैनाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाबनरावांनी गाडीचं दुखणं स्वतः शोधायला घेतलं. कोणाला सांगून उपयोग नव्हता, तेव्हा पायालाच विचारायचं ठरवलं. मागावर बसून बसून त्यांच्या तळव्यांना सवय होती. खाली कुठली फळी अडते, कुठे दोर सैल झाला, हे त्यांना वाकून न बघता समजायचं.

पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ही, की थरथर उठली तरी हातातलं स्टिअरिंग जवळजवळ स्थिर असतं. हलतं ते सीट आणि पायडल. पुढच्या चाकांत दोष असता तर हाताला कळला असता. म्हणजे मागे. मग त्यांनी मोकळा रस्ता बघून, पुढेमागे कोणी नाही अशी खात्री करून, पायाचा ब्रेक सोडला आणि हँडब्रेकची दांडी बोटाने खटका दाबून धरत हळूहळू ओढली. त्या गाडीचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच धरायचा. सीटखालून तीच थरथर उठली. इतके दिवस सगळा दोष पायाला दिला जात होता, आणि आता पाय नुसता ठेवलेला होता.

ते तडक गोपाळरावांकडे गेले. गोपाळराव जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा मिस्त्री. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला. दोन्ही चाकांचे ब्रेक असे आवळले की लायनर ड्रमला, म्हणजे चाकातल्या लोखंडी वाटीला, जेमतेम टेकावेत. “फिरवा हातानं,” ते म्हणाले.

उजवं चाक फिरवलं तर सगळीकडे सारखा बारीक घासण्याचा आवाज. डावं फिरवलं तर खर्रर् आवाज यायचा, मग चाक सुटल्यासारखं हलकं व्हायचं, मग पुन्हा खर्रर्. एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं. बाबनरावांनी डोळे मिटून पुन्हा फिरवलं. तळव्याला जे टकटक कळत होतं तेच आता हाताला कळत होतं.

“ड्रम गोल नाही राहिला,” गोपाळराव म्हणाले. “काढू. लेथवर पाहू.”

लेथवाल्याचं दुकान बाजूलाच होतं. ड्रम चढवला, फिरवला आणि हत्यार आतल्या कडेला हळूच टेकवलं. ते एका बाजूला खरवडायचं, पुढे हवेतच राहायचं, समोरच्या बाजूला पुन्हा खरवडायचं. आत ठिकठिकाणी निळसर डाग पडले होते. गोपाळरावांनी चष्मा वर करून ते डाग बघितले.

“तापलेल्या ड्रमवर पाणी पडते का हो कुठं?”

बाबनरावांनी ड्रमच्या कडेवरून बोट फिरवलं.

“बिडाचा असते थो,” गोपाळराव सांगत होते. “बीड तापलं असताना थंड पाणी पडलं का आकसते. अन् सारखं नाही आकसत. जिथं पाणी पडलं तिथं जास्त, मागं कमी. असं एकदा होऊन काही होत नाही. पण रोज झालं तर अंड्यावाणी होते ड्रम. एकाच चाकाचा कसा झाला हेच मले समजत नाही.”

बाबनरावांना समजलं होतं. त्यांना बादली दिसली, मामाजींचे ओले हात दिसले, चाकातून निघणारी वाफ दिसली. ती वाफ ते रोज पाहत होते. तेवढ्याने घरात बरकत येते अशी मामाजींची श्रद्धा होती, आणि मामाजींचा हात त्या एकाच चाकापर्यंत पोचत होता.

“रस्त्यात एक नाला लागते,” बाबनराव म्हणाले. “कधी कधी त्याच्यातून घालतो गाडी.”

“नका घालत जाऊ,” गोपाळराव म्हणाले. ड्रम आतून तासून गोल करून दिला. बजावलंही, की आता फार तासायला जागा नाही, पातळ झाला की फेकावा लागेल.

गाडी लोण्यासारखी थांबू लागली. बाबनरावांनी मुद्दाम दोनदा वेगात ब्रेक दाबून पाहिला. पायडल मुकाट्याने खाली गेलं. घर जवळ येत गेलं तसा त्यांचा आनंद मात्र उतरत गेला. गल्लीच्या तोंडापाशी त्यांनी मनात वाक्य जुळवलं: मामाजी, पाणी जरा नंतर टाका. एवढंच म्हणायचं होतं. दारात मामाजी बादली घेऊन उभे होते, अंगावर पांढरं धोतर, कपाळी ताजं गंध. “झाली का दुरुस्त?” त्यांनी हसून विचारलं.

“झाली.”

“मी म्हटलंच होतं, होऊन जाईन.” आणि त्यांनी बादली ओतली. चुर्र झालं. बाबनरावांनी किल्ली काढून दिली.

मग त्यांनी आपला मार्ग काढला. शहरात शिरताना सक्करदऱ्याचा तलाव लागतो. तिथे चिंचेखाली ते गाडी उभी करू लागले. चाक निवेपर्यंत बसायचं आणि मग घरी जायचं. थंड चाकावर मामाजींनी हवं तेवढं पाणी ओतावं. पहिल्या दिवशी त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. काठावर धोबी कपडे वाळवत होते, म्हशी पाण्यात होत्या. कोणी विचारलं नाही, कोण तुम्ही, कोणाचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपण चाकाला हात लावून बघत नाही. चाक केव्हाच निवलेलं असायचं आणि ते बसलेलेच असायचे. दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की बाबनराव कुठे आहेत हे टांडापेठेत कोणाला माहीत नव्हतं.

घरी उशीर व्हायला लागला. शेजारच्या इंदूबाईंनी एकदा रिक्षातून जाताना त्यांना तलावाकाठी बसलेलं पाहिलं आणि गोदूबाईंच्या कानावर घातलं. गोदूबाई जावयाला विचारणार नव्हत्या, जावयाला विचारायची त्या घरात रीतच नव्हती. पण जेवण वाढताना त्यांचा हात आखडला. मामाजी ओट्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसू लागले. रोज कोणाला भेटतो हा, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली आणि मैनाबाईही आतल्या आत घुसमटायला लागल्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात उमरेडला एका नात्यातलं लग्न निघालं आणि मैनाबाई गाडीतून बरोबर आल्या. परतीला तलाव आला. बाबनरावांचा पाय क्षणभर अडखळला, पण चाकं भट्टीसारखी तापली होती. त्यांनी गाडी चिंचेखाली घेतली.

“इथंच बसता का रोज?” मैनाबाईंनी विचारलं.

“हो.”

“कोण येते इथं?”

“कोणी नाही येत.”

मैनाबाईंनी आजूबाजूला नीट बघून घेतलं. धोबी, म्हशी, चिंच. बाबनराव खाली उतरले. त्यांनी गाडीला टांगलेल्या छागलीतलं पाणी हातावर घेतलं आणि रिमच्या भोकातून ड्रमवर दोन थेंब उडवले. थेंब चुरचुरून उडून गेले. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, फाटकापाशी पहिल्यांदा पाय हलला तिथपासून ते लेथवरच्या ड्रमपर्यंत. इतकं सलग ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. मैनाबाई गाडीच्या पायरीवर बसून ऐकत होत्या.

“मंग बाबाले सांगत काहून नाही?”

“काय सांगू? तुमच्या पूजेनं गाडी बिघडून राहिली, असं म्हणू?”

“असंच म्हणाचं.”

“तू म्हणू शकते. तुझं घर आहे थे.”

“अन् तुमचं नाही?”

बाबनरावांनी एक खडा उचलून तलावात टाकला. बऱ्याच वेळाने मैनाबाईंनी वाकून चाकाला हात लावला. “थंड झालं हे,” त्या म्हणाल्या. “थंड झालं का लगेच निघता रोज?”

“नाही,” बाबनराव म्हणाले. “कधी कधी तसाच बसतो.”

मैनाबाई उठून उभ्या राहिल्या. “मी सांगतो बाबाले,” त्या म्हणाल्या.

“नको सांगू.”

पण त्यांनी सांगितलं. नवऱ्याबद्दल गल्लीत जे बोललं जात होतं ते त्यांना सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा मामाजी ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. बादली आत होती. “बसा, जवाईबापू,” ते म्हणाले.

बाबनराव बसले.

“कधीपासून मालूम होतं तुमाले?”

“होळीच्या आधीपासून.”

“अन् मले सांगितलं नाही.” मामाजींनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढला. “सायकल मोडली, तवा मी चारचौघांत बोललो तुमाले.”

“तवा मले मालूम नव्हतं, मामाजी.”

“मालूम झाल्यावर? तवा तरी सांगाचं होतं. मी मानलं नसतं का?” त्यांनी सोग्याने डोळे टिपले. “का मी वाघ हाओ? काय कमी केलं तुमाले या घरात? लोक काय म्हणतीन, ईश्वरदासचा जवाई त्याच्यापुढं तोंड उघडाले भेते.”

बाबनरावांना खूप बोलायचं होतं. काही कमी केलं नाही म्हणूनच तोंड उघडत नाही, हे म्हणायचं होतं. पण समोर म्हातारा डोळे पुसत होता, आणि पुन्हा एकदा बोलायची सोय उरली नाही.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“नाही, चूक नाही.” मामाजींनी नाक शिंकरलं. ते लगेच व्यवहारावर आले. “आता तलावावर थांबाचं काम नाही. शिद्दे घरी या. चाक इथंच थंड होईन. तवर मी बसीन.”

मोठ्या मनाने म्हणाले ते. मैनाबाई आतून ऐकत होत्या, त्यांनाही बरं वाटलं असावं. इंदूबाईंच्या तोंडाला कुलूप बसलं, गोदूबाईंच्या हातची वाढ पुन्हा सैल झाली. त्या दिवसापासून बाबनराव वेळेवर घरी येऊ लागले. चाक निवेपर्यंत मामाजी ओट्यावर बसत आणि बाबनरावही शेजारी बसत, कारण किल्ली पाणी ओतल्यावरच द्यायची. मधूनमधून मामाजी उठून चाकाजवळ हात नेत, म्हणत, “आणखी जरासं.” तलावाकाठी कधी संपायला नको वाटणारा तो वेळ इथे सरता सरत नसे.

तरी एक झालं. बसून बसून मामाजी थोडे बोलू लागले. माग मोडला त्या दिवशी आपण जेवलो नव्हतो, हे त्यांनी एकदा सांगितलं. कोणालाच कळलं नव्हतं, ते म्हणाले, सगळ्यांना वाटलं एकादशी आहे. दुसऱ्या एका संध्याकाळी मामाजींनी आपणहून विचारलं, “पवनीले जाऊन याचं का दोन दिवस? किती वर्षं झाली.”

“गाडी कोण चालवीन?”

“गाडी घेऊनच जा. मैनाले बी न्या. मी काही म्हणत नाही.”

दिवाळी झाल्यावर ते निघाले. उमरेडच्या चौकात त्यांनी या खेपेला गाडी वळवली नाही, सरळ घातली. भिवापूर मागे पडलं तेव्हा ते गुणगुणत होते. मैनाबाईंनी नवऱ्याचं गुणगुणणं पहिल्यांदाच ऐकलं.

पवनीला भावांनी स्वागत केलं. भावजयांनी नवी सतरंजी अंथरली. पोरं त्यांना ‘नागपूरचे काका’ म्हणत होती आणि त्यांच्या मागेमागे न येता गाडीभोवती जमली होती. बाबनराव ज्या कोपऱ्यात झोपायचे तिथे सुताचे गठ्ठे रचलेले होते. थोरले भाऊ मागावर बसले होते. बाबनराव काठावर बसायला गेले तर भाऊ म्हणाले, “राहू दे गा, कपडे खराब होतीन तुझे.” जेवताना सगळ्यांनी त्यांना आधी वाढलं आणि ते जेवेपर्यंत सगळे थांबले.

संध्याकाळी ते नदीवर गेले. वैनगंगा होती तशीच होती. वाळूत बसून पाहिलं, पण मन लागेना. या वेळेला मामाजी ओट्यावर बसले असतील, हे सारखं डोक्यात येत होतं आणि आल्याचा त्यांना राग येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेटी गाडीत टाकली.

भिवापूरच्या रस्त्याला लागल्यावर मैनाबाई म्हणाल्या, “तुमी तर दोन दिवस राहू म्हणत होते ना?”

“उद्या सूत न्याचं आहे उमरेडले.”

“थे तर परवा आहे.”

बाबनराव समोर बघत गाडी चालवत राहिले. थोड्या वेळाने मैनाबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि त्याही बाहेर बघू लागल्या.

तो ड्रम आणखी एकदा तासावा लागला आणि मग बदलला. मामाजी गेल्यावर गाडी कामठीच्या एका भाजीवाल्याला विकली. बाबनराव पुढे एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागले. पण राहिले टांडापेठेतच, आणि गल्लीतली जुनी माणसं त्यांना शेवटपर्यंत हेडाऊंचे जवाई म्हणूनच ओळखत होती.